घरात राहून ‘नाही’ म्हणण्याचा हक्क



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला शाळेत संस्कृत शिकवलं. पुढे मी वकील झाले, वाशिमच्या कोर्टात उभी राहू लागले. गुरुजी रस्त्यात भेटले की एकच प्रश्न विचारायचे, “आज कुणाची बाजू?” बाजू कोणती, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. बाजू कोणाची तरी असते, ती माणसाची असते, हे त्यांना त्या एका शब्दातून सुचवायचं असावं. आजचा विषय, म्हणजे मानवी हक्क सगळ्या जगाला एकच मोजमाप लावतात की प्रत्येक संस्कृतीचं माप वेगळं, हा मी गुरुजींच्या त्याच प्रश्नाच्या आधारानं मांडणार आहे. तत्त्वज्ञान हा माझा अभ्यासाचा विषय नाही. माझ्याकडे आहेत ती माणसं.

सुरुवात याच गावापासून करते. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करीत होती. दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच उजेडात आला, त्यात या राजधानीचं नाव कोरलेलं आहे. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दान केलं. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाच. पण वत्सगुल्माचा आणखी एक उल्लेख आहे, तो आपण सहसा सांगत नाही. तो वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. परस्त्रियांविषयीच्या अधिकरणात राजे आणि अधिकारी काय काय करतात याची वात्स्यायन देशवार यादी देतो. त्यात तो नोंदवतो की वत्सगुल्मात महामात्यांच्या आणि सरदारांच्या घरच्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेसाठी जातात. आंध्रांची रीत निराळी, विदर्भाची निराळी, वत्सगुल्माची ही अशी. एखादा प्रवासी वेगवेगळ्या गावचे बाजारवार लिहून ठेवतो, तितक्या शांतपणे त्यानं हे लिहिलं आहे.

मी वकील झाल्यावर कधीतरी गुरुजींनी मला हा उतारा दाखवला आणि म्हणाले, शेवट वाच. शेवटी वात्स्यायन दोन गोष्टी म्हणतो. एक, असे प्रकार देशोदेशी चालतात आणि ते राजांनीच चालू केलेले असतात. दोन, लोकांच्या हितात ज्याचं मन आहे अशा राजानं यातलं काहीही करू नये.

बंधू-भगिनींनो, सापेक्षतावाद आणि सार्वत्रिकतावाद असे जे दोन जड शब्द आज विद्यापीठांत एकमेकांसमोर उभे केले जातात, ते दोन्ही मला या एका पानावर भेटले. आधी प्रत्येक देशाची रीत जशी आहे तशी, नाक न मुरडता समजून घेणं. मग ती रीत कुणी सुरू केली हे विचारणं. आणि मग, लोकहित नावाचं एक माप सगळ्याच देशांच्या राजांना लावणं. यात मधली पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. रीत आभाळातून पडत नाही. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी म्हटलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते त्या रात्री राजवाड्याकडे चालत जाणाऱ्या बाईनं म्हटलेलं नसतं.

आता जगाकडे वळते, पण थोडक्यात. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहीत होती, तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं एक निवेदन दिलं. मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स या अभ्यासकाचा त्यात मोठा हात होता. निवेदनाचा आशय असा, की माणूस आपल्या संस्कृतीतूनच घडतो, एका संस्कृतीची मूल्यं दुसरीला लावता येत नाहीत, आणि पश्चिमेनं आपली मूल्यं जगाची म्हणून लादू नयेत. ही माणसं जुलमी नव्हती. गोऱ्यांच्या राज्यांनी काळ्या-सावळ्या लोकांच्या संस्कृतीची केलेली नासधूस त्यांनी पाहिली होती, त्याची चीड त्या निवेदनात आहे. त्याच वर्षी युनेस्कोनं गांधीजींना मत विचारलं. त्यांनी उत्तर पाठवलं की हक्क कर्तव्यातून येतात, आणि हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. आणि जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सगळे पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून ‘सगळी माणसं’ असे करा म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला. बाजूनं ४८ देश, विरोधात कुणी नाही, ८ देश तटस्थ. जाहीरनामा पश्चिमेनं पूर्वेच्या गळ्यात बांधला असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या एका शब्दामागे उभी असलेली सुरतेची बाई लक्षात ठेवावी.

तो वाद तिथे सोडते, कारण मला तो वाद वेगळ्याच जागी भेटला. एका पोलीस ठाण्यात.

माझ्याकडे एक बाई आल्या. गाव आणि जात सांगत नाही, कारण ती सांगितली की ऐकणारा ‘त्यांच्यात असतंच तसं’ म्हणून मोकळा होतो. बाईंच्या थोरल्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. पंच बसले. दंड ठरला, तो यांनी उसनवार करून भरला. मग पंचांनी दुसरी अट घातली. मुलगी मेली असं जाहीर करा, तिचं तेरावं घाला, समाजाला जेवण द्या, मग तुम्ही आमचे. बाई माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, “वकीलबाई, जित्या पोरीचं तेरावं कसं करू वो मी?” त्यांनी केलं नाही. घर वाळीत पडलं. हुक्कापाणी बंद, रोटी-बेटी बंद. दोन-तीन महिन्यांत सासू वारली. “माह्या सासूले चार खांदे भेटले नाई.” नवरा, दीर, शेजारच्या वस्तीतला एक परजातीचा गडी, आणि चौथा खांदा बाईंचा स्वतःचा.

त्या तक्रार द्यायला गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हा तुमच्या समाजाचा आपसातला मामला आहे, तुमच्या रूढीत आम्ही पडत नाही. हर्स्कोव्हिट्सचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नसेल. पण निवेदनातलं तत्त्व आणि ठाण्यातलं उत्तर यांत मला शब्दाचाही फरक दिसला नाही. एकात चीड होती आणि दुसऱ्यात कंटाळा, इतकाच काय तो फरक. बाईंच्या वाट्याला दोन्ही सारखेच आले.

तरीही सापेक्षतेचा विचार मी फेकून देणार नाही, आणि का देणार नाही तेही याच जिल्ह्यातून सांगते. मानोरा तालुक्यात चाळीस-पन्नास उंबऱ्यांचा कुठलाही बंजारा तांडा घ्या. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अर्धा हिंदुस्थान तुडवत होते. सैन्यांना रसद त्यांची, दुष्काळात धान्य त्यांचं. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. आणि मग १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कायद्यापुढे सर्व समान असं म्हणणाऱ्या सरकारनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे काही प्रांतांत लमाण-बंजाऱ्यांनाही त्या यादीत घातलं. फिरणं म्हणजे संशय, हजेरी न देणं म्हणजे गुन्हा. भटकून जगणं हे जगणंच आहे, हे त्या सुधारलेल्या डोळ्यांना दिसलं नाही. तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या, ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर आणखी पाच वर्षांनी. ज्या समाजानं हे भोगलं, त्याच्याकडे एखादा शहाणा माणूस ‘तुमची प्रथा चुकीची आहे’ असं म्हणत गेला आणि तांड्यातल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाठ फिरवली, तर दोष मी म्हाताऱ्याला देणार नाही. बाहेरून आलेल्या न्यायानं त्याच्या आजोबाला चोर ठरवलं होतं.

म्हणून बाहेरच्या माणसानं आधी ऐकून घ्यावं, हे मला पटतं. माझा आक्षेप पुढे सुरू होतो. समाजाचं ऐकायचं म्हणजे नेमकं कुणाचं ऐकायचं? तांड्यात गेलं की नायक बोलतो, कारभारी बोलतो. जातपंचायतीत पंच बोलतात. संस्कृतीच्या नावानं बोलायला उभा राहणारा माणूस त्या संस्कृतीतला सर्वांत सुखी माणूस असतो, असा माझा कोर्टातला अनुभव आहे.

रखमाबाईंची गोष्ट आपल्याला माहीत आहे, तरी या बाजूनं पुन्हा पाहू. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्यावर सक्ती करायला नकार दिला. अपील झालं, खटला फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाते. लोकमान्य टिळकांनी तेव्हा ‘केसरी’तून रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालवली. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. स्वराज्यासाठी ज्यांनी आयुष्य जाळलं त्या माणसाचा हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. परकीय सत्तेखाली तो जिवंत मुद्दा होता. पण त्यात एक प्रश्न राहून गेला. ‘आमच्या घरात’ असं म्हणताना त्या घरात रखमाबाई धरल्या होत्या की नाही? रखमाबाई परक्या नव्हत्या. मराठी घरातली, मराठी बोलणारी मुलगी मुंबईत बसून नाही म्हणत होती. तिचं नाही म्हणणं परकं ठरलं, आणि लग्न लावताना तिची संमती न विचारणारी रीत मात्र आपली ठरली. नवल असं, की तिला तुरुंगाची भीती घालणारा हुकूम त्या परक्या सरकारच्या कोर्टाचाच होता. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

आता कायद्याचं. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये जातीबाहेर, धर्माबाहेर टाकण्याला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. बहुमताचं म्हणणं असं, की धार्मिक कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा त्या पंथाच्या आपला धर्मव्यवहार चालवण्याच्या हक्काचा भाग आहे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे पडले. त्यांनी म्हटलं की बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, आणि अस्पृश्यता तर घटनेनं संपवली आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी तो निकाल वाचला तेव्हा बहुमताची बाजू मला पक्की वाटली होती. बाईंच्या खांद्यावरच्या तिरडीची हकीकत ऐकल्यावर मी तो पुन्हा वाचला, आणि तेव्हापासून मी सिन्हांच्या बाजूची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला आहे.

मधल्या काळात महाराष्ट्रानं आपला मार्ग काढला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतींविरुद्ध उघडलेली मोहीम त्यांच्या खुनानंतर कार्यकर्त्यांनी चालू ठेवली. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमतानं मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न, अंत्यविधी, समाजाचे कार्यक्रम यांत एखाद्याला अडवणं हा आता गुन्हा आहे. मला आनंद झाला. मी त्या बाईंना निरोप धाडून बोलावून घेतलं. म्हटलं, आता पंचांना आत घालता येईल.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “जेलात टाकू त्याइले? मंग माह्या धाकलीच्या लग्नाले कोन येईन?”

या एका प्रश्नानं माझी तीस वर्षांची समजूत हलली. सापेक्षतावादी म्हणतो, समाजाला आपल्या रीतीनं राहू द्या. सार्वत्रिकतावादी म्हणतो, तुला त्या समाजातून बाहेर पडायचा हक्क आहे, मी तुझ्या पाठीशी आहे. माझ्यासमोर बसलेल्या बाईला यातलं एकही नको होतं. त्यांना बाहेर पडायचं नव्हतं. लग्नातली गाणी, सणाचा नैवेद्य, कुलदैवत, भावकी हे सगळं त्यांचं होतं, आणि ते पंचांपेक्षा तसूभरही कमी त्यांचं नव्हतं. त्यांना आत राहायचं होतं आणि आत राहून एका गोष्टीला नाही म्हणायचं होतं. बाहेर पडण्याचा हक्क मोठाच आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी तो बजावला. पण त्याआधी महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. वर्षानुवर्षं आत राहून मागितलं, दारं उघडली नाहीत, तेव्हा १९३५ मध्ये येवल्याला बाहेर पडण्याची घोषणा झाली. बाहेर पडणं ही त्या माणसाची पहिली मागणी नव्हती. मला वाटतं, मानवी हक्कांच्या पुस्तकांत आत राहून नाही म्हणण्याच्या हक्काबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे, आणि माणसांना बहुतेक वेळा हवा असतो तो हाच.

हे आत राहून नाही म्हणणं आपल्याकडे पश्चिमेतून आलं नाही, याचे दोन पुरावे मी याच जिल्ह्यातून देते. गुरुजींचा जीव यात रमला असता, म्हणून थोडी रेंगाळते.

पहिला कारंज्याचा. कारंजा लाडला दिगंबर जैनांच्या भट्टारकांची पीठं होती आणि तिथल्या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं आहेत. कारंज्याच्या नावानं निघालेल्या जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य संपादून छापलं. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहणारा कवी. काव्यात राजा यशोधर आईला एक वाईट स्वप्न सांगतो. आई म्हणते, देवीला कोंबडा कापू. राजा म्हणतो, जीव घेणार नाही. माय-लेकांत वाद होतो. आईचं मन मोडवत नाही आणि पातक करवत नाही, तेव्हा मधला मार्ग निघतो. पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. कवी त्यावरही थांबत नाही. पिठाचा असला तरी कापताना मनात कोंबडाच होता, म्हणून माय-लेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा जन्मांतून कवी फिरवून आणतो.

मला पुष्पदंत फार कडक वाटतो. पिठाच्या कोंबड्याची बाजू मी घेईन. आपल्या वऱ्हाडात कुणी बोकडाऐवजी कोहळा फोडतं, कुणी नारळावर भागवतं, तेव्हा हेच होत असतं. आईचा विधी राहतो, लेकाची दया राहते आणि घर फुटत नाही. प्रथा अशाच बदलतात. पण माझं मत राहू द्या. देवीला बळी द्यावा की नाही, हा वाद हजार वर्षांपूर्वी आपल्याच भाषेच्या आजीनं इतक्या बारकाईनं, हेतूच्या मुळापर्यंत जाऊन घातला होता, आणि तो ग्रंथ पोहरादेवी या बंजाऱ्यांच्या तीर्थक्षेत्रापासून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या गावाच्या नावानं छापला गेला, हे मला सांगायचं आहे.

दुसरा पुरावा पोहरादेवीचाच. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर. रामनवमीला कर्नाटक, तेलंगण, आंध्र इथून बंजारा समाज लोटतो. नवसाचे बोकड कापण्याची रीत त्या परिसरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचं २८ वं कलम सांगतं की एखाद्या समाजाच्या धर्मरीतीनुसार जनावर मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. म्हणजे कायदा इथे तांड्याला आपल्या रीतीनं राहू देतो. मला ते चुकीचं वाटत नाही. शहरात रोज दुकानातून मटण आणणाऱ्यानं तांड्यातल्या गरिबाच्या वर्षातल्या एका बोकडावर डोळे वटारावेत, हे न्यायाला धरून नाही. त्या बोकडाचा वाटा तांड्यातल्या प्रत्येक घरी जातो, हेही विसरू नये. आणि तरीही मला तांड्यातल्याच बायांकडून ऐकायला मिळालेली कथा अशी आहे, की जगदंबेनं बळी मागितला तेव्हा सेवालालांनी नाही म्हटलं. देवी रागावली, तांड्यावर संकटं आली, देव आणि भक्त यांचं भांडण लागलं. आजही सेवालालांना भोग लागतो तो गोड, तुपाचा, अग्नीत. ज्या समाजाचा सर्वांत मोठा संत देवीलाच नाही म्हणतो आणि तरी तिच्याच शेजारी समाधी घेऊन बसतो, त्या समाजाला नाही म्हणायला शिकवायला बाहेरून कुणी जायची गरज नाही. गरज आहे ती एवढीच, की आज तांड्यातल्या एखाद्या सुनेनं ‘यंदा बोकड नको, तेवढ्यात पोराची फी भरू’ म्हटलं, तर तिला सेवालालांची लेक म्हणावं. समाजबुडवी म्हणू नये.

शिरपूरविषयी बोलल्याशिवाय या जिल्ह्यात या विषयावर व्याख्यान होऊ शकत नाही, तरी बोलताना मन जड होतं. मालेगाव तालुक्यातलं शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथ. जमिनीपासून अधांतरी मानली जाणारी काळी मूर्ती, तिच्यावर दिगंबर आणि श्वेतांबर दोघांची श्रद्धा. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. हा पिठाचा कोंबडाच होता, मला तो प्रिय आहे. मग मूर्तीच्या लेपावर कंदोरा आणि कछोटा, म्हणजे करदोटा आणि लंगोट, दाखवायचा की नाही, यावरून वाद कोर्टात गेला. १९२३ चा निकाल, १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल, पुढे १९८० च्या दशकापासून कुलूप, झरोक्यातून दर्शन. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्चमध्ये दार उघडलं, आणि त्याच महिन्यात तिथे मारामारी झाली.

इथे ‘ज्याची त्याची संस्कृती’ हे उत्तर कामाला येत नाही, कारण दोन रीतींमध्ये मूर्ती एकच आहे. धर्मस्वातंत्र्याचा सार्वत्रिक हक्कही दोघांना सारखाच आहे. मला दुःख याचं होतं, की या पेचातून वाट काढायची दृष्टी जगाला ज्यांनी दिली, त्यांच्याच दारात हे घडावं. जैनांचा अनेकांतवाद म्हणजे सगळीच मतं सारखी खरी, असा सैल अर्थ आजकाल लावतात. तो तसा नाही. सत्याला अनेक बाजू आहेत आणि मला दिसते ती एक, हे त्याचं म्हणणं. पण हिंसेच्या बाबतीत जैन विचार असा अनेक बाजूंनी बोलत नाही, तिथे तो ठाम आहे. जाणण्याच्या बाबतीत नम्र आणि दुखावण्याच्या बाबतीत ठाम. मानवी हक्कांच्या वादात मला यापेक्षा चांगली भूमिका अजून कुठल्या परदेशी पुस्तकात सापडलेली नाही. याच दोन पंथांनी बाईच्या देहानं मोक्ष मिळतो की नाही यावर शतकानुशतकं ग्रंथ लिहून वाद घातला. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली श्वेतांबरांच्या मते स्त्री, दिगंबरांच्या मते पुरुष. स्त्रीच्या समानतेचा प्रश्न परका आहे असं म्हणणाऱ्यानं तो वाद एकदा वाचावा. तो लेखणीनं झाला होता, लाठीनं नव्हे.

माझी वेळ संपत आली आहे. बाईंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

त्यांनी नव्या कायद्याखाली तक्रार दिली नाही. मी आग्रह धरला नाही. एवढंच केलं, की कायद्याची मराठी प्रत घेऊन दोन जाणत्या माणसांना सोबत नेलं आणि पंचांपैकी वयानं मोठ्या असलेल्या एकांच्या ओट्यावर बसले. कलमं वाचून दाखवली. त्यांनी चहा दिला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. धाकटीचं स्थळ दूरच्या जिल्ह्यातून, त्याच जातीतून आलं होतं. मुलाकडच्यांनी वाळीतलं घर म्हणून पाऊल मागे घेतलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हळदीच्या दिवशी मी गेले होते. मांडव लहान होता. बाईंच्या माहेरची माणसं, शेजारच्या वस्तीतली चार घरं, आणि थोरली मुलगी तिच्या नवऱ्यासह, कडेवर वर्षाचं बाळ. भावकीतलं कुणी नव्हतं. दिवेलागण झाली तशी मांडवाच्या दाराशी दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. एक त्या ओट्यावरच्या पंचांची सून होती. तिच्या हातात आहेराचा तांब्या होता. बाईंनी काही न बोलता हळदीची वाटी तिच्या पुढे धरली. तिनं बोट बुडवलं, धाकटीच्या गालाला लावलं, आणि मग थोरलीकडे वळून तिच्या बाळाच्याही गालाला लावलं.